मागचा ब्रेक सुटत का नाही?

मोटारसायकलचा ब्रेक लागेनासा झाला की माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. ब्रेक सुटत नसेल तर मात्र महिनोन्‌महिने तसाच फिरतो. गाडी ओढत नाही म्हणून प्लग बदलतो, ॲव्हरेज घटले म्हणून पेट्रोलपंपावर संशय घेतो. मागच्या चाकाकडे त्याचे लक्षच जात नाही.

पाच-सहा किलोमीटर, शक्य तितका मागचा ब्रेक न वापरता, गाडी चालवून थांबा आणि पालथा हात मागच्या ड्रमजवळ किंवा डिस्कजवळ न्या. जवळच न्या, टेकवू नका. धग लागली तर ब्रेक धरतो आहे. मग गाडी गार झाल्यावर, इंजिन बंद ठेवून, मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. बोटे चेनपासून दूर असू द्या. चेनच्या ओढीमुळे हे चाक पुढच्यासारखे भिरभिरणार नाही, पण एखादा फेरा सहज घ्यायला हवा. डिस्क ब्रेकच्या गाडीत पॅडचा हलका ‘सर्र’ आवाज येतो, तो चालतो.

आपल्याकडे बहुसंख्य साध्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. यात दोष नेमका कुठे आहे, हे शोधायला एक सोपी युक्ती आहे. ब्रेक रॉडच्या टोकाचा नट पूर्ण काढा आणि रॉड मोकळा करा. आता चाक फिरवा. मोकळे फिरले तर दोष ड्रमच्या बाहेर, म्हणजे ॲडजस्टमेंटमध्ये, रॉडमध्ये नाहीतर पॅडलमध्ये. तरीही घासत असेल तर दोष ड्रमच्या आत. एवढे कळले की निम्मे काम झाले. ही तपासणी उभ्या गाडीवर करायची. रॉड जोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

बाहेरच्या दोषांत पहिला मान चेनचा. चेन ताणली की चाक मागे सरकते, त्याबरोबर ड्रमवरचा ब्रेकचा दांडाही मागे जातो. रॉडची लांबी तेवढीच राहते, म्हणजे रॉड तो दांडा पुढे ओढून धरतो आणि पॅडलला पाय न लावताच ब्रेक लागतो. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेक पुन्हा ॲडजस्ट करावाच लागतो. घाईच्या वेळी हे नेमके राहून जाते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत पॅडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिलिमीटर दिलेला असतो. तो मोजताना मागे कोणाला तरी बसवून पाहा. वजनाने मागचा भाग दबतो आणि काही गाड्यांत तेवढ्यानेही हा खेळ बदलतो. एकट्याला मोकळी वाटणारी गाडी डबलसीट असताना तापते, ती यामुळे.

दुसरे कारण पॅडलचे. त्याची खीळ पायाजवळ, चिखलपाण्यात असते. पावसाळ्यात ती गंजते, स्प्रिंग ढिली पडते आणि दाबलेले पॅडल पुरते वर येत नाही. काहींना पॅडलवर पाय ठेवून चालवायची सवयच असते. त्यावर पान्याचा उपाय नाही. ज्या गाड्यांत पॅडल दाबले की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, त्यांत अडकलेले पॅडल दोन्ही चाकांना त्रास देते.

दोष आत असेल तर बहुधा कॅम सुकलेला असतो. ब्रेक शू फाकवणारा हा तुकडा ग्रीस संपले की अडखळतो. लागतो झटकन, सुटतो सावकाश. तो काढून साफ करून अगदी थोडे ग्रीस लावायचे. जास्त लावले तर गरम होऊन लायनरवर उतरते आणि ब्रेकच जातो. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही, किंवा चाक तिरके बसले आहे.

मागे डिस्क असेल तर अशीच निम्म्यावर विभागणी करता येते. चाक घट्ट झालेले असताना मेकॅनिक कॅलिपरचा ब्लीडर किंचित सैल करतो. थोडे ऑइल येऊन चाक सुटले तर दाब वर अडकला होता. नाही सुटले तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. दाब अडकतो कसा? मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल टाकीत परत जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. पॅडलला खेळच ठेवला नाही, तर पिस्टन ते छिद्र झाकूनच बसतो. मग घासल्याने ऑइल तापते, तापल्याने फुगते, जागा नसल्याने पॅड आणखी दाबते, म्हणजे आणखी तापते. घाट उतरताना हे चक्र सुरू झाले तर चाक जागेवर जाम होऊ शकते. उलट, ऑइल उकळले तर पॅडल दाबूनही ब्रेक लागत नाही. डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू नव्याने भरताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतला ओलावा शोषून जुने झालेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला चालतो. त्यामुळे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, सहसा दोन वर्षांनी, ते बदलणे हा वायफळ खर्च नाही. त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नये. रबरी वायसर फुगतात आणि ब्रेक कायमचा धरून बसतो.

कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरताना मागून जळका वास आला, तर तापलेल्या ड्रमचा ब्रेक पुढच्या वळणावर साथ देईलच असे धरू नका. सुरक्षित जागी थांबा. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका. धातू तडकू किंवा वाकू शकतो. आपसूक गार होऊ द्या. ड्रम असेल तर गार झाल्यावर नट थोडा सैल करून, ब्रेक नीट लागतो याची खात्री करून, खालच्या गिअरमध्ये हळू उतरता येईल. डिस्क जाम झाली असेल, तर ब्लीडर सैल करून पुढे जाण्याचे धाडस करू नका. गाडी टेम्पोत घाला.

आणि ॲडजस्टमेंट झाल्यावर मागचा लाल दिवा पाहा. त्याचा स्विच पॅडलला वेगळ्या स्प्रिंगने जोडलेला असतो. पॅडलची जागा बदलली की दिवा सतत जळत राहतो, नाहीतर ब्रेक दाबला तरी लागतच नाही.