विसार, करार आणि घरचे कार्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नव्या व्यावसायिकांसमोर केलेले भाषण)



लग्नकार्याच्या छायाचित्रणाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणांस चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा कॅमेरा, भिंगे व प्रकाश यांविषयी काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु तो विषय आजची मुले आमच्याहून अधिक जाणतात. आम्ही या धंद्यात आलो तेव्हा एका रोलवर छत्तीस छबी निघत, आणि ऐन अंतरपाट दूर होताना रोल संपू नये या एकाच चिंतेत आमची मंगलाष्टके सरत. आज नखाएवढ्या कार्डावर हजारो छबी मावतात. बदलले नाही ते एकच. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हाती येणे. आणि आपल्या ज्ञातीत तर ते विशेषच अवघड आहे. यास्तव आज आम्ही केवळ देण्याघेण्याविषयीच बोलणार आहो.

विशेषच अवघड का, ते सांगतो. नवा छायाचित्रकार पहिली पाचसात कामे कोणाची करतो? आतेबहिणीचे लग्न, वडिलांच्या स्नेह्यांकडील मुंज, शेजारच्या काकांच्या मुलीचा साखरपुडा. दराचा विषय निघाला की यजमान म्हणतात, "तू तर घरचाच." मुलगाही मान खाली घालून म्हणतो, "तुम्ही द्याल ते." हे तीन शब्द आमच्या धंद्यातील सर्वांत महाग शब्द होत.

दुसऱ्याचे कशास सांगावे? धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका निकटच्या परिचित कुटुंबातील लग्नाचे काम आम्ही घेतले. खर्च उभयपक्षी निम्मा-निम्मा ठरला आहे असे आम्हांस तोंडी सांगण्यात आले, आणि आम्ही ते पुरेसे मानले. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत काम झाले, अल्बमही तयार झाला. वधूपित्याची समजूत अशी की अल्बमचे वरपक्ष पाहणार. वरपक्ष म्हणे, आम्ही फक्त स्वागतसमारंभाचे फोटो सांगितले होते. दोन्ही घरे सज्जन. कोणीही लबाडी केली नाही. कोणाकडे मागावे हे न कळून आम्ही भिडेपोटी गप्प बसलो आणि अल्बम कपाटात राहिला. चार वर्षांनी एका वकील स्नेह्याने सांगितले की, केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, काम पुरे झाल्यापासून साधारणतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. दावा आम्ही लावणार नव्हतोच. परंतु आपल्या गप्प बसण्याने आपला हक्कही विझला हे त्या दिवशी कळले. मध्यंतरी वधूची आजी वारली. अल्बममध्ये तिची पाचसहा सुरेख चित्रे होती. ती तिने पाहिली नाहीत. पुढे एका दिवाळीला आम्ही आपण होऊन तो अल्बम नेऊन दिला, पैशाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. तेव्हापासून त्या घरचे आणि आमचे येणेजाणे जे थांबले ते आजतागायत. म्हणजे भीड राखून आम्ही पैसे गमावलेच, पण ज्या संबंधासाठी ती राखली तोही गमावला.

म्हणून आमचा आग्रह असा की, काम घरचे असेल तर कागद आधी करावा. परक्याचे असेल तर एक वेळ चालढकल परवडेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याला तोंडी करारही मान्य आहे, हे खरे. प्रश्न वैधतेचा नसून, काय ठरले होते ते दाखविण्याचा आहे. त्यासाठी मोठा दस्तऐवज लागत नाही. साध्या मराठीत लिहिलेले एक पान, त्याखाली दोघांच्या सह्या, आणि व्हॉट्सॲपवर वा ईमेलने पाठवून घेतलेला स्पष्ट होकार, एवढ्याने बहुतेक तंटे उद्भवतच नाहीत.

त्या पानावर सर्वांत आधी लिहावयाचे ते दर नव्हे, तर काम सांगणारा कोण. एकच नाव लिहावे. उभय पक्ष खर्च वाटून घेणार असतील तर त्यांनी आपसांत खुशाल घ्यावा. छायाचित्रकाराला देणे लागणारी व्यक्ती एक असावी. दोघे मिळून देतो म्हणजे पुष्कळदा कोणीच देत नाही. त्यानंतर कोणकोणते विधी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, माणसे किती, अल्बमची पाने किती, आणि काम हाती केव्हा द्यावयाचे. हळद आदल्या रात्री असेल तर ती धरली की नाही हे लिहावेच. हळदीवरून जितके वाद आम्ही पाहिले तितके लग्नावरून पाहिले नाहीत.

आता पैशाचे हप्ते. समजा काम साठ हजारांचे आहे. आम्ही वीस हजार विसार म्हणून तारीख पक्की करताना घेतो, वीस लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आणि उरलेले वीस अल्बम छपाईस जाण्यापूर्वी. यात लोभ नाही. मदतनिसाला आणि व्हिडिओवाल्याला त्याच रात्री पैसे द्यावे लागतात, छापणारा आगाऊ रक्कम मागतो, आणि त्या तारखेस आलेली दुसरी कामे आपण नाकारलेली असतात. लग्न पार पडले की घरातील उत्साह ओसरतो. फोटो निवडून द्या म्हटले की सासर-माहेर दोन्हीकडे यादी फिरते आणि सहा-सहा महिने परत येत नाही. यास्तव निवडीस साठ दिवसांची मुदत लिहावी, आणि ती टळल्यास शेवटचा हप्ता तरी देय व्हावा अशी अट घालावी.

विसाराबाबत मात्र तरुणांची एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. 'विसार कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असे ठळक छापले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे त्यांना वाटते. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे, करार मोडल्यास त्यात आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच हे स्पष्ट केले आहे. तारीख चार महिने आधी रद्द झाली आणि त्या दिवशी तुम्हांस दुसरे काम मिळाले, तर सबंध विसार गिळणे न्यायालयात टिकणे कठीण, आणि ज्ञातीत तर त्याहून कठीण. रद्द होण्यास जितका उशीर तितकी कपात अधिक, अशी चढती अट लिहिणे उभयपक्षी न्याय्य.

आणि लग्न कोणाच्याच दोषाने रद्द झाले नसेल तर? २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती, आणि त्या सुमाराच्या कामांचा विसार आम्ही घेऊन खर्चूनही बसलो होतो. आमच्या छापील कागदावर याविषयी एक ओळही नव्हती. कायद्याचे ५६ वे कलम सांगते की, करार पार पाडणे पुढे अशक्य झाले तर तो रद्द ठरतो. आणि ६५ वे सांगते की, अशा कराराखाली मिळालेला लाभ परत केला पाहिजे. काही यजमानांनी तारीख पुढे नेली, काहींनी पैसे परत मागितले. आम्ही ते हप्त्याहप्त्याने फेडले आणि त्यासाठी एक चांगला कॅमेरा विकला. तेव्हापासून सरकारी मनाई, आजार व मृत्यू अशा प्रसंगी काय करावयाचे ते आमच्या पानावर असते, आणि दुसरा हप्ता हाती येईपर्यंत विसाराला आम्ही हात लावीत नाही.

फोटोंचा मालक कोण, याविषयीही नवख्यांस भलतीच कल्पना असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल तर, उलट करार नसल्यास, त्याचा पहिला हक्कदार काम सांगणारा असतो. कॅमेरा धरणारा नव्हे. आपल्या लेकीसुनांची चित्रे दुकानाच्या काचेत वा इन्स्टाग्रामवर लावावयाची असतील तर तशी परवानगी त्या पानावर स्वतंत्र सहीने घ्यावी, आणि नाही म्हटल्यास मुकाट्याने मानावे.

पैसे मागणाऱ्याने आपली जबाबदारीही लिहावी. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती करणे, आपण आजारी पडल्यास बदली माणूस देणे, हे त्याच पानावर हवे. 'कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' असे छापणारे आम्हांस आवडत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. पावती प्रत्येक रकमेची द्यावी. यूपीआयने आलेल्या रकमेची नोंद राहते, पण ती कशापोटी आली हे पुढे कोणासही आठवत नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आवश्यक होते; त्या आनंदाच्या प्रसंगी हिशेबनीस गाठावा.

आता समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द. मंगल कार्यालयाच्या छापील अटींवर आपण निमूटपणे सही करता, आचाऱ्याला आगाऊ रक्कम देता, बँडवाल्याशी घासाघीस करून का होईना आकडा ठरविता. मग आपल्याच ज्ञातीतील मुलाने एक पान पुढे केले की "आमच्यावर विश्वास नाही का?" असे का विचारता? त्याने ते पान आमच्या सांगण्यावरून आणले आहे असे समजा आणि राग आमच्यावर काढा. तसेच त्याचा मोबदला आहेराच्या पाकिटात घालून, घरच्या मुलाला बक्षीस द्यावे तसा हाती ठेवू नका. पाकीट उघडून मोजण्याची त्याची छाती होत नाही, आणि कमी निघाले तर बोलण्याचीही.

आम्ही वापरतो त्या पानाची एक कोरी प्रत चिटणिसांपाशी ठेवली आहे. ज्यांस हवी त्यांनी उतरवून घ्यावी, आपल्या कामाप्रमाणे बदलावी, आणि शक्य तर एकदा वकिलाच्या नजरेखालून घालावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी आम्ही ज्ञातिगृहात असतो. पहिल्या कामाचा कागद घेऊन येणाऱ्याने संकोच करू नये.