अणुवैद्यक : भीती आणि वस्तुस्थिती



अणू म्हटला की हिरोशिमा व नागासाकी ही नावे प्रथम आठवतात. १९४५ साली त्या शहरांवर जे ओढवले, ते पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्या भीतीपोटी एखादा रुग्ण उपचार नाकारतो, किंवा उपचार घेऊन परतलेल्या सुनेला घरची मंडळी कायमची वेगळी बसवतात, तेव्हा अज्ञान हे रोगाइतकेच घातक ठरते. म्हणून अणुवैद्यकाचे कार्य कसे चालते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी थायरॉइडचे उदाहरण सर्वांत सोपे.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. अन्नातून मिळणारे आयोडीन शोषून ती शरीरास आवश्यक असा स्राव तयार करते. तिचे काम प्रमाणाबाहेर वाढले, म्हणजे छाती धडधडते, हात कापतात, पोटभर जेवूनही वजन घटते. आयोडीन ओढून घेणे हा या ग्रंथीचा स्वभावच आहे आणि शास्त्रज्ञांनी नेमका त्याचाच उपयोग करून घेतला. आयोडीन-१३१ हे आयोडीनचे किरणोत्सर्गी रूप होय. साधे आयोडीन व हे आयोडीन यांतील भेद ग्रंथीला कळत नाही; ती दोन्ही सारख्याच ओढीने घेते.

अत्यल्प मात्रा दिली असता त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात. गॅमा कॅमेरा ते टिपतो आणि ग्रंथी कोठे अधिक काम करते, कोठे थंड पडली आहे, हे चित्रात उमटते. क्ष-किरणांनी अवयवाची रचना दिसते. येथे अवयवाचे कार्य दिसते. हाडे, हृदय व मूत्रपिंडे यांच्या तपासणीसाठी टेक्नेशियम-९९एम हे द्रव्य वापरतात. दर सहा तासांनी ते निम्मे होते.

मात्रा वाढविली की तेच आयोडीन औषध बनते. त्याचे बीटा किरण शरीरात सुमारे दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. त्यामुळे बिघडलेल्या पेशी नष्ट होतात आणि शेजारचे अवयव बहुतांशी सुरक्षित राहतात. १९४१ साली बोस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार प्रथम केला. आपल्या देशात १९६३ साली मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. थायरॉइडच्या कर्करोगातही शस्त्रक्रियेनंतर हा उपचार उपयोगी पडतो. उपचारानंतर ग्रंथी मंदावल्यास रोज एक गोळी घ्यावी लागते, हेही रुग्णाने आधीच जाणून घ्यावे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावयाची असतात. गर्भवती स्त्रीस हे आयोडीन देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या मातेने ते घेण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे. मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला काही दिवस रुग्णालयातील स्वतंत्र खोलीत ठेवतात. घरी आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्याने लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून दूर राहावे.

ही मुदत मोजकीच असते, कारण आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, सोळा दिवसांत पाव उरते आणि ऐंशी दिवसांत हजारातला एक भाग राहतो. शिवाय बराच अंश लघवीवाटे पहिल्या काही दिवसांतच निघून जातो. शिक्षक व ग्रामसेवक यांनी हा हिशेब गावात समजावून सांगावा. मुदत संपली की त्या रुग्णाला पंगतीत पूर्वीचीच जागा मिळाली पाहिजे.