प्रत्येक ऋतूची सहल

बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके वसले आहेत. पावसाळ्यात येथील धबधब्यांवर शहरवासीयांची झुंबड उडते आणि परिसराची ओळख तेवढ्यावरच संपते. वस्तुतः प्रत्येक ऋतूची येथे स्वतंत्र सहल आहे.

हिवाळ्यात उल्हास खोऱ्यातील कोंडाणे लेणी पाहावीत. इसवी सनापूर्वीच्या या बौद्ध लेण्यांत कण्हाचा शिष्य बलक याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. खालापुरातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज कोंडीत पकडली. ती अरुंद वाट प्रत्यक्ष चालल्यावरच त्या विजयाचे मर्म उमगते. याच दिवसांत शेतांवर वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून ‘पोपटी’ लावतात. उन्हाळ्यात ठाकर व कातकरी भगिनी रानची करवंदे, जांभळे बाजारात आणतात.

पावसाळ्यात शेवळे, टाकळा, भारंगी या रानभाज्या चाखाव्यात, खाचरांतील भातलावणी पाहावी. परंतु ओढे आणि कडे यांपासून दूर राहावे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. पाहुणा सायंकाळी परततो. यजमानाचे घर मात्र त्याच डोंगराखाली असते, याचे भान सुटू नये.

सहली वर्षभर विभागल्या गेल्या, तर पर्यटकांच्या जिवाचा धोका कमी होईल आणि वाड्यावस्त्यांवरील कुटुंबांना बारमाही मिळकतीचा आधार लाभेल.