नक्षी आणि जवारी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आत्ता आपल्या पोट्ट्यांनी गिटार छान वाजवली. राजापेठेत आता बऱ्याच घरांत गिटार दिसते. खास करवून घेतलेल्या गिटारीवर शिंपल्याची नक्षी असते. लाकडात खाच कोरून शिंपल्याचा तुकडा बसवतात, मग घासून सपाट करतात. दिसतं देखणं, पण सूर काही त्यातून निघत नाही.

आपल्याकडे असं हातकाम मिरजेला होतं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याच्या नक्षीत पूर्वी हस्तिदंत असे, आता प्लॅस्टिक आलं. तरी गोडवा गेला नाही, कारण तो जवारीत असतो. कारागीर घोडीचा माथा कानसीने जरा घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा धागा सरकवला की सूर खुलतो. मात्र वाजवून वाजवून घोडी झिजते. जवारी पुन्हा काढावी लागते. मोबाइलमधल्या तंबोऱ्याला हे लागत नाही, म्हणून त्या कारागिराचं कामही कमी होतं.

तेव्हा लेकरांसाठी वाद्य घेताना नक्षी जरूर पाहा, पण आधी डोळे मिटून ऐका.

आणि एक सूचना. या वर्षाची आठवण म्हणून सोसायटीने सभागृहासाठी एक मिरजेचा तंबोरा घ्यावा. खजिनदारसाहेब, जवारीचा खर्च मात्र देखभाल खात्यात आत्ताच धरून ठेवा, बरं का!