शरण या शब्दाचं घर

आज एकाच शब्दाबद्दल बोलतो : सरेंडर.

विमा मुदतीआधी मोडला की हाती येते ती सरेंडर व्हॅल्यू. गॅसचं कनेक्शन परत केलं, तेही सरेंडर. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात जनरल नियाझींनी सही केली, तेही सरेंडर. त्याला आपण शरणागती म्हणतो. पण संस्कृतात ‘शरण’ म्हणजे आसरा, घर. बिभीषण रामाकडे आला तो आसरा मागायला.

मला हा अर्थ दारूमुळे कळला. 9 वर्षं मी बायकोला सांगायचो, ‘मनात आणलं तर उद्या सोडीन.’ शेवटी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला गेलो. तिथल्या 12 पायऱ्यांपैकी पहिली हीच : दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करायचं. ते तोंडातून निघायला मला तीन बैठका लागल्या. घरी येऊन म्हटलं, ‘मला एकट्याला हे जमत नाही गं.’ ती म्हणाली, ‘एवढंच ऐकायचं होतं.’

त्या दिवशी मी हरलोच. पण आसराही त्याच दिवशी मिळाला.

तुमचाही असा एखादा ‘उद्या’ असेल, तर आजच कुणाला तरी सांगा.