तीन गिअरची डॉज आणि मामाचा प्लॅन

विरार फास्टला लटकून ऐकत असाल तर आधी एक हात दांड्याला घट्ट धरा, मग ऐका. आजचा एपिसोड गाडीचा आहे, पण रिव्ह्यू नाही. ही गाडी तुम्हाला कुठल्याही शोरूममध्ये मिळणार नाही.

आमच्या कळंबला, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर, मामाच्या वाडीत चिंचेखाली एक डॉज किंग्जवे उभी आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची. आजोबा मुंबईत एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेटने फियाट घेतली तेव्हा ही त्यांना जवळजवळ फुकटात दिली. आजोबा गेल्यावर ती झाकली गेली, ती आजतागायत. खाऱ्या वाऱ्याने बंपरचं क्रोम गेलंय. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घालून झालीत.

मामाचं छोटं रिसॉर्ट आहे. बीचवर प्री-वेडिंग शूट करणाऱ्या जोडप्यांची रांग असते. मामाच्या डोक्यात आलं, ही डॉज चालू करू आणि लग्नाला भाड्याने देऊ. मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, म्हणाला, "हे पेट्रोल इंजिन काढा, गिअरबॉक्स काढा. जीपचं डिझेल बसवतो, पाच गिअर, खाली दांडा. दोन महिन्यांत रस्त्यावर." मामाने मला फोन केला. "तू इंजिनिअर ना? बघ जरा, बरोबर सांगतोय का."

आता मी सॉफ्टवेअरवाला. गाडीचं ऑइल बदलायचं तरी यूट्यूब लागतं. पण भाच्याची अब्रू होती, म्हणून बसलो रात्रभर नेटवर.

आणि पहिल्याच तासात डोळे पांढरे झाले. प्लिमथची हेमी कूडा कन्व्हर्टिबल, १९७० चं मॉडेल, एकूण बनल्या फक्त १४. त्यातल्या ९ ऑटोमॅटिक, ५ चार गिअरच्या मॅन्युअल. १९७१ च्या मॉडेलच्या अमेरिकेत ७ विकल्या गेल्या आणि त्यात मॅन्युअल फक्त २. त्या दोनपैकी एक २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. गाडी तीच, इंजिन तेच. तरी गिअरबॉक्स कुठला, यावर किंमत उड्या मारते. मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक, ते ओळखायला गाडीच्या पत्र्यावरच्या छोट्या पट्टीवर कोड असतो. डी-२१ म्हणजे चार गिअरची मॅन्युअल, डी-३२ म्हणजे ऑटोमॅटिक. मला तर ती कॉन्फिग फाइलच वाटली, फक्त पत्र्यावर ठोकलेली.

प्लिमथ आणि डॉज, दोन्ही क्रायस्लरच्याच. मी रात्री दोनला मामाला मेसेज टाकला, "काहीही काढू नका. गाडी रेअर असू शकते." ही माझी चूक. सकाळी मामा पेढे आणायच्या बेतात होता.

मग नीट वाचलं. त्या काळात अमेरिकेतल्या डॉजमध्ये 'फ्लुइड ड्राइव्ह' मिळायचा. समोरासमोर दोन टेबल फॅन ठेवा, एक चालू करा, वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो ना? तसंच, पण हवेऐवजी तेल. गिअरमध्ये असताना क्लच न दाबता गाडी थांबवली तरी इंजिन बंद पडत नाही. १९४९ पासून त्यावर 'जायरोमॅटिक' आला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय जरा उचलला की गिअर आपोआप वर. भन्नाट प्रकार. मी क्लचखाली वाकून, टॉर्च मारून शोधलं. आमच्या डॉजमध्ये यातलं काही नाही.

कारण किंग्जवे ही खरं तर डॉज नव्हेच. ती निर्यातीसाठी बनवलेली प्लिमथ, तोंड तेवढं डॉजचं. आणि प्लिमथला फ्लुइड ड्राइव्ह कधी दिलाच नाही. तीन गिअरचा मॅन्युअल, दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, बस. मामाला सांगितलं तर तो म्हणतो, "म्हणजे शेटने आजोबांना डुप्लिकेट दिली?"

डुप्लिकेट नाही हो. आपल्याकडे अशाच मिळायच्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. कुर्ल्यात अजून प्रीमियर रोड आहे, तो त्याचाच. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी तीन नावं, आतून बऱ्यापैकी एकच गाडी. अमेरिकेतलं गिऱ्हाईक शोरूममध्ये बसून गिअरबॉक्स निवडायचं. इथे गाडी मिळाली हेच नशीब. पुढे त्याच कुर्ल्यात फियाट बनली, तिची पद्मिनी झाली. स्टिअरिंगवरचा गिअर तुमच्यापैकी कित्येकांनी काळ्या-पिवळ्या पद्मिनीतच पाहिला असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली.

म्हणजे मामाची गाडी अगदी साधी, साधा गिअरबॉक्स. मग काढायला हरकत काय? इथे मी जवळजवळ "हो" म्हणणार होतो.

पण आजीने ट्रंकेतून आरसी बुक काढलं. इंजिनच्या डाव्या बाजूला, डायनॅमोच्या वर, ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने घासला, एकेक आकडा वाचला. बुकातल्याशी जुळला! हे ऐकायला छोटं वाटतं. पण या मोठ्या अमेरिकन गाड्या पेट्रोल प्यायच्या, आमचं इंजिन साडेतीन लिटरच्या वर आहे. मग कितीतरी मालकांनी आमच्या मेकॅनिकचीच आयडिया तेव्हा केली. डिझेल बसवलं, गिअरबॉक्स बदलला. कुर्ल्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी शोधायला गेलात तर कळेल. कूडा जन्मतःच दुर्मिळ होती. आमची साधी होती, ती न बदलल्यामुळे दुर्मिळ झाली.

आता कायद्याची गंमत. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठी छेडछाड न झालेली गाडी असेल तर तिला वेगळी नंबर प्लेट, त्यात 'व्हीए' अक्षरं. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. डिझेल टाकलं की हे दार बंद. आणि डिझेल न टाकता ती प्लेट घेतली, तर धंद्यासाठी रस्त्यावर चालवायला मनाई. म्हणजे लग्नाचं भाडं गेलं. दोन्हीकडून मामाचा खिसा कापलेला.

मी मामाला दोन्ही बाजू सांगितल्या. तो बराच वेळ गप्प. पैसे त्याचे, वाडी त्याची, पावसाळ्यात रिसॉर्ट रिकामं असतं तेव्हा हप्ते त्यालाच भरायचे असतात. मी बंगळुरूच्या पगारावर वारसा-वारसा करणं सोपं आहे, हे मला कळत होतं. शेवटी तोच म्हणाला, "फोटो काढायला गाडी चालायला कशाला लागते? इथेच चिंचेखाली उभी राहील. जोडपं बसेल, फोटो काढेल, जाईल."

मेकॅनिक जरा नाराज झाला, पण कामाला लागला. गिअरबॉक्स उघडला तर आत दातेरी चाकं धडधाकट! बिघाड होता तो खांबापासून खाली येणाऱ्या जोडदांड्यांच्या बुशमध्ये. झिजल्या होत्या, म्हणून दुसरा गिअर अडकायचा. लेथवर पितळेच्या करून घेतल्या. कार्ब्युरेटर साफ केला, टाकी बदलली.

मागच्या रविवारी इंजिन सुरू झालं. मी ड्रायव्हर सीटवर. दांडा स्वतःकडे ओढून खाली म्हणजे पहिला. गाडी वाडीत जरा सरकली, फाटकाशी हळू झाली, मी चालत्या गाडीत पुन्हा पहिला टाकायला गेलो आणि असा खर्रर्र आवाज झाला की कोंबड्या पळाल्या. पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, हे मी आठवडाभर वाचलेलं होतं बरं का.

पडवीतून आजी ओरडली, "पूर्ण थांब आधी! तुझे आजोबा थांबवायचे, मग पहिला टाकायचे."

थांबलो. टाकला. गेला.