जन्मगाव पात्याला विचारावं

संग्रहालयात काचेमागे नागमोडी पात्याचा खंजीर दिसतो आणि खाली पाटी असते, ‘केरिस, इंडोनेशिया’. ‘पातळ, भारत’ एवढंच लिहून पैठणी टांगावी, तसंच हे झालं. मी शस्त्रांचा शौकीन नाही, कवितेचा माणूस आहे. पण या खंजिराचं मूळ शोधण्याची रीत कळली तेव्हापासून तो मला सोडत नाही.

श्रोतेहो, केरिसचं पातं, मूठ आणि म्यान यांची वयं वेगवेगळी असू शकतात. पातं वारशानं पिढ्यान् पिढ्या चालतं. लाकूड मात्र चिरतं, किडतं. जावात घडलेलं पातं सुमात्राला गेलं, की तिथला धनी त्याला आपल्या रिवाजाची मूठ बसवणार. म्हणून म्यानावरून कळतो तो शेवटचा मुक्काम. जन्मगाव पात्यालाच विचारावं लागतं.

बालीचं पातं बहुधा मोठं, घासून गुळगुळीत केलेलं. मुठीवर पुष्कळदा देव नाहीतर राक्षस. जावाचं खरबरीत, आणि मुठीतली मानवाकृती इतकी आटवलेली की सांगितल्याशिवाय दिसू नये. सुलावेसीच्या बुगी लोकांची मूठ पिस्तुलासारखी वाकलेली. वळणं कुठेही मोजा, विषमच भरतात. सरळ पातीही पुष्कळ असतात.

पात्यावरच्या रुपेरी नक्षीला पामोर म्हणतात. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड थरावर थर ठोकून जोडायचं, मग सोमल आणि लिंबाचा रस चोळायचा. लोखंड काळं पडतं, निकेल चमकत राहतं. अठराव्या शतकात प्रंबाननजवळ उल्का पडली. तिचं लोखंड सुराकार्ताच्या राजवाड्यात गेलं आणि त्यातून काही पाती घडली, हे खरं. पण प्रत्येक पामोर आकाशातून पडलेला, ही दुकानदारांची कविता!

जावात ही पाती धुण्याचा महिना सुरो, म्हणजे आपला मोहरम. आशुरावरून ते नाव आलं. सुलतान आगुंगनं 1633 मध्ये चांद्र महिने स्वीकारले, पण वर्षाचा आकडा शकाचाच, 1555, पुढे चालू ठेवला. आपल्या पंचांगातला शक तिथे मोहरमच्या शेजारी नांदतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र दर धुण्याला पातं थोडं झिजतं. जुनी पाती पातळ होतात, धारा खातात, वळणं उथळ होतात. ती गंजानं खाल्ली की मायेनं, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

दुरुस्ती शोधायची तर पात्याच्या बुडाशी पाहावं. तिथे आडवा बसवलेला लोखंडी तुकडा असतो, त्याला गंजा म्हणतात. तो आणि पातं यांच्यात फट दिसली, नक्षी जुळली नाही, तर तो मागाहून बसवलेला असण्याचा संभव. संभवच म्हणायचं, कारण मुद्दाम बिननक्षीचा काळा गंजा बसवण्याचीही चाल आहे. मग मूठ काढून आतलं टोक पाहावं. ते गंजून तुटलं की लोहार नवं टोक जोडतो, आणि सांधा दिसतो. युरोपातले संग्राहक अशा सांध्याला नाक मुरडतात. मला तो सांधा पात्याइतकाच अस्सल वाटतो: कुणाला तरी ते टाकवलं नव्हतं.

पण नाव चिकटलं, की प्रश्न अवघड होतो. डचांशी 1825 ते 1830 लढलेल्या राजपुत्र दिपोनगोरोचा केरिस 1831 मध्ये नेदरलँड्सचे राजे विल्यम पहिले यांच्याकडे गेला. पुढे शाही संग्रह मोडला, तो लायडनच्या संग्रहालयात आला आणि इतर खंजिरांत हरवला. सापडला तो कागदांवरून. दिपोनगोरोचा सेनानी सेंतोत याची जबानी होती. तिच्या समासात चित्रकार रादेन सालेहनं केरिसचं वर्णन लिहून ठेवलं होतं. ते एका पात्याशी जुळलं आणि मार्च 2020 मध्ये तो इंडोनेशियाला परत मिळाला. तिथे लगेच काही जाणकार म्हणाले, कागदावरचं नाव ‘नोगो सिलुमान’, म्हणजे अदृश्य नाग. त्या घाटात नागाचं अंग पात्यात विरून जायला हवं, इथे तर अंग स्पष्ट दिसतंय. त्यावर उत्तर आलं, की नाव घाटाचं नसतं, त्या एका केरिसचं असतं, आणि धनी ते आपल्या मर्जीनं ठेवतो.